गेमवाली मावशी: चार कोठड्या, चार राजे

गेल्या अंकात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातल्या महाभूतांच्या चार लोकांचा, म्हणजे त्यांचे चार राजे जिथे कैद आहेत त्या चार जगांचा, ओझरता उल्लेख केला होता. लिहिलं होतं ड्रॅगनवर, पत्रं आली ती या चार जगांवर, आणि बहुतेक ठाण्या-नवी मुंबईतूनच. तेव्हा यावेळी ड्रॅगनना सुट्टी.

प्रश्न (खारघर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): मावशी, टायटन एवढे बलाढ्य, तर त्यांनी त्या चार राजांना मारूनच का नाही टाकलं? उलट प्रत्येकाला राहायला अख्खा लोक दिला. ही शिक्षा झाली की बक्षिसी?

उत्तर: अरे, टायटन म्हणजे ग्रहांना आकार देणारे महादेव, पण त्यांचंही मारून भागत नव्हतं, हीच तर मेख आहे. अझेरॉथ या ग्रहाच्या पोटात एक जगदात्मा झोपलेला आहे. वाढता वाढता त्याने पाचवं तत्त्व, म्हणजे चैतन्य, जवळजवळ सगळं शोषून घेतलं. उरलेल्या चौघांना धरून ठेवणारंच कोणी राहिलं नाही. मग आगीचा रॅग्नारॉस, वाऱ्याचा अल’अकीर, धरणीची थेराझेन आणि पाण्याचा नेप्ट्युलॉन यांची आपापसात जी जुंपली ती जुंपलीच. त्यात आकाशातून ‘प्राचीन देव’ नावाच्या दुष्ट शक्ती येऊन आदळल्या आणि त्यांनी या चौघांना गुलाम करून सेनापती म्हणून राबवलं.

टायटनांनी घडवलेले रक्षक लढायला उतरले, तेव्हा त्यांनी चौघांनाही हरवलं. पण या भूतांचा जीव ग्रहालाच बांधलेला. आज देह मोडला तरी काही काळाने तो पुन्हा उभा राहणार. म्हणून रा नावाचा रक्षक आणि हेल्या नावाची जादूगारीण या दोघांनी अझेरॉथच्या बाहेर एक वेगळंच प्रतल रचलं. त्याचे एकमेकांना जोडलेले चार भाग: फायरलँड्स, स्कायवॉल, डीपहोम आणि अ‍ॅबिसल मॉ. ज्याला जे मानवतं ते त्याला दिलं आणि दार लावून घेतलं.

प्राचीन देवांच्या वाट्याला मात्र वेगळी कैद आली, तीही बघ. त्यांच्यातल्या एकाला, य’शाराजला, टायटन अमान’थुलने जमिनीतून मुळासकट उपटलं. तो मेला, पण ग्रहाला केवढी तरी जखम झाली. पुन्हा तसं केलं तर ग्रहच जायचा, म्हणून बाकीच्यांना जागच्या जागी गाडून वर कुलपं आणि पहारे बसवले. त्यांना साखळदंड, या चौघांना वतन! माझ्या मते चौघांना झाली ती कैद नव्हेच, तडीपारी आहे. आपल्याकडे एखाद्या दादाला पोलीस ठाणे जिल्ह्यातून दोन वर्षं तडीपार करतात. त्याला कोणी कोठडीत घालत नाही, तो नाशिकला आरामात हॉटेलात जेवत असतो. फक्त इथे दिसायचं नाही. टायटनांच्या लोकांनी तेच केलं, फक्त मुदत घालायची राहून गेली.

प्रश्न (नौपाडा, निवृत्त शिक्षक): माझा नातू म्हणतो, रॅग्नारॉसला एकदा मारलं तेव्हा तो मेला नाही, दुसऱ्यांदा मारलं तेव्हा मेला. मला तर ही त्याची थाप वाटते. आपण खुलासा करावा.

उत्तर: काका, नातू शंभर टक्के खरं बोलतोय.

नियम असा: महाभूताला आपल्या जगात मारलं तर ते फक्त आपल्या लोकात परत जातं. त्याच्याच लोकात जाऊन मारलं तर कायमचं संपतं. म्हणजे त्याचा तुरुंग हेच त्याचं मर्मस्थान. इथे मला कथा लिहिणाऱ्यांचं कौतुक वाटतं, कारण या एका नियमाने सगळा डाव फिरतो. कैदी बाहेर असतो तेव्हा त्याला मरणाची भीती नाही, आणि घरी असतो तेव्हा तो सर्वांत बलवान. तुम्ही कुठूनही गेलात तरी तोट्यातच.

आता तो बाहेर आला कसा? काळ्या लोहाच्या बुटक्यांचा राजा थॉरिसन युद्ध हरत आला होता. त्याने मदतीला एखादं भूत बोलवावं म्हणून मंत्र टाकला, आणि आला तो साक्षात रॅग्नारॉस. येतानाच डोंगर फोडून आला. थॉरिसन तिथल्या तिथे राख झाला आणि त्याची प्रजा पिढ्यान्‌पिढ्या आगीची गुलाम झाली.

खेळ आला 2004 च्या नोव्हेंबरमध्ये. त्यात त्याच डोंगराखाली मोल्टन कोअर नावाची लाव्हाची गुहा होती आणि एका वेळी चाळीस जण मिळून आत उतरायचे. आतल्या सात मुद्रा विझवल्याशिवाय रॅग्नारॉसचा कारभारी समोर यायचाच नाही. त्या विझवायचं पाणी कुठून आणायचं? अझशारा प्रांताच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर ड्यूक हायड्रॅक्सिस उभा असायचा, त्याच्याकडून. हा ड्यूक नेप्ट्युलॉनचा माणूस! म्हणजे पाण्याचा कैदी स्वतः कोठडीत बसून तुमच्या हातून आगीच्या कैद्याचा काटा काढतोय. चाळीस जणांतल्या किती जणांना हे कळलं होतं देव जाणे, सगळ्यांचं लक्ष लुटीकडे. शेवटी कारभारी मालकाला हाक मारतो, रॅग्नारॉस लाव्हातून वर येतो आणि ‘वेळेआधी उठवलंस’ म्हणून आधी त्या कारभाऱ्यालाच मारतो. मग तुम्ही त्याला हरवता. तो घरी जातो.

2010 च्या डिसेंबरमध्ये ‘कॅटॅक्लिझम’ हा खेळाचा विस्तार, म्हणजे नवा भाग आला, आणि 2011 च्या जूनमध्ये फायरलँड्सचं दार उघडलं. यावेळी आपण त्याच्या घरात. साध्या पातळीवर तो नेहमीसारखा कमरेपर्यंत लाव्हात बुडालेला असतो. अवघड पातळीवर मात्र संपत आलाय असं वाटतं त्या क्षणी तो लाव्हातून बाहेर पडतो आणि चक्क दोन पायांवर उभा राहतो. इतकी वर्षं त्याला पाय आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्या भाच्याने तो प्रसंग मला पांचपाखाडीच्या घरी पहिल्यांदा दाखवला, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि त्या दिवशी डाळीची पेज झाली. तिथे तो मेला तो कायमचा. पुढे त्याची गादी स्मोल्डरॉनकडे गेली.

प्रश्न (कळवा): चौघांत नेप्ट्युलॉनचीच कथा अर्धवट का वाटते?

उत्तर: अर्धवटच आहे. ‘कॅटॅक्लिझम’मधल्या ‘थ्रोन ऑफ द टाइड्स’ या समुद्रतळाच्या मोहिमेत नागा, म्हणजे सापासारखे समुद्री लोक, त्याच्यावर हल्ला करतात, ओझुमाट नावाचा अवाढव्य अष्टपाद त्याला उचलून नेतो, आणि पडदा. पुढचा भाग अ‍ॅबिसल मॉमध्ये घडायचा होता, तो कंपनीने रद्द केला. त्याची सुटका आपण कधी पाहिलीच नाही. नंतर ‘लीजन’ या पुढच्या विस्तारात तो शामनांच्या, म्हणजे महाभूतांना आवाहन करणाऱ्या पात्रांच्या, कथेत ठणठणीत हजर होतो. मी स्वतः शामन खेळते, तेव्हा मला तो भेटला. मधलं काहीच विचारू नका!

प्रश्न (घोडबंदर रोड, आयटीत नोकरी): या चौघांपैकी एखादा कैदी सुधारतो का, की सगळे कायमचे खलनायक?

उत्तर: सुधारणं हा शब्द थेराझेनला लावाल तर ती तुम्हाला दगडाखाली चिणेल. पण तिची गोष्ट मला चौघांत सगळ्यात आवडते, कारण तिला बाहेर यायचंच नाही. डीपहोम तिला मनापासून आवडतं. अंधार, स्फटिक, शांतता. गडबड केली ती बाहेरच्यांनी. डेथविंग हा जखमी ड्रॅगन तिच्या घरात येऊन लपला, त्याच्या भक्तांनी तिथेच त्याच्या अंगावर एलेमेंटियम या धातूचे पत्रे ठोकले, आणि निघताना तो छत फोडून गेला. डीपहोमला पेलून धरणारा विश्वस्तंभ मोडला. तो सांधायला आपण तिच्या दारात जातो, आणि ती आधी ऐकवते की माझ्या मुलीला तुम्हीच मारलंत. खरंच आहे ते. त्या मुलीला, थेराड्रासला, खेळाडूंनी मराउडॉन नावाच्या गुहेत वर्षानुवर्षं मारलं होतं, चांगल्या लुटीसाठी.

तरी ती शेवटी मदत करते. आणि खांद्याच्या चिलखतावरचे चांगले मंत्र त्या काळात तिच्याच लोकांकडे विकत मिळायचे, त्यामुळे ज्याला त्याला तिची मर्जी संपादन करावी लागली. अख्खा सर्व्हर एका कैदी बाईच्या दारात रांग लावून उभा! अशी गंमत मला दुसऱ्या कुठल्या खेळात सापडलेली नाही.

प्रश्न (ऐरोली, बारावी): ताई, आपल्या पुराणांत असं काही आहे का? मैत्रिणी म्हणतात की ही कल्पना परदेशीच.

उत्तर: मैत्रिणींना बळीराजाची आठवण दे. वामनाने त्याला सुतलात धाडलं, पण सुतल म्हणजे अंधारकोठडी नव्हे. भागवतात ते स्वर्गाहून सुखाचं सांगितलंय, बळी तिथे राजा आहे, आणि विष्णू स्वतः त्याच्या दारात द्वारपाल. पहारा म्हणावा की सेवा, ते तूच ठरव. आपण पाडव्याला त्याची पूजा करतो आणि ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो. कैद्याची लोक वाट बघतायत, हे तर वॉरक्राफ्टलाही सुचलं नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या विषयाच्या जास्त जवळची आहे, महाभारताच्या आदिपर्वातली. कृतवीर्याच्या वंशजांनी भृगुकुळाची कत्तल केली, गर्भसुद्धा सोडले नाहीत. एका मातेने गर्भ मांडीत लपवला, त्यातून और्व जन्मला. त्याचा क्रोध एवढा की सगळे लोक जाळायला निघाला. पितर त्याला म्हणाले, हा अग्नी समुद्रात टाक. त्याने टाकला. तो वडवानल घोड्याच्या तोंडाने समुद्राचं पाणी पीत राहतो. टायटनांनी आगीला आगीत ठेवलं, आपल्याकडे आगीला पाण्यात ठेवली. मला आपलीच रचना जास्त पक्की वाटते. आग विझत नाही, समुद्र आटत नाही, आणि पहारेकरीही नको.

प्रश्न (कोपरखैरणे, दोघे मित्र): आम्ही छोटा गेम बनवतोय. पारसिकच्या डोंगरात वाऱ्याचा राक्षस कैद आहे. तो सुटतो कसा हे सुचत नाहीये. भिंत फोडून बाहेर, हे फारच सपक वाटतं. काही सुचवा ना.

उत्तर: सपकच आहे, बरं झालं तुमचं तुम्हालाच कळलं. वरच्या सगळ्या गोष्टी पुन्हा वाचा. रॅग्नारॉसने फायरलँड्स फोडलं नाही, थॉरिसनने बोलावलं. डीपहोमचं छत थेराझेनने फोडलं नाही, डेथविंगने फोडलं. अशा तुरुंगाला तडा नेहमी बाहेरचा कोणीतरी पाडतो, आणि त्याचं स्वतःचं काहीतरी काम अडलेलं असतं. तुमचा राक्षस कसा सुटतो हे सोडा. त्याची गरज कोणाला आहे, तो माणूस आधी शोधा.

आणि नमुना हवा असेल तर खाडीच्या अलीकडे या. ठाण्याचा किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खून प्रकरणात ठेवलं होतं. पहारा गोऱ्या शिपायांचा, मराठीचा गंध नाही. असं सांगतात की खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करत गाणी म्हणायचा आणि पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यांत असायचा. पहारेकऱ्यांना वाटायचं, गडी खुशीत आहे. 1816 साली त्रिंबकजी निसटला आणि पुढे इंग्रजांच्या नाकी नऊ आले.

तुमच्या गेममध्ये हे असं बसवा: खेळाडूला कुणीतरी पगारावर ठेवलंय, रोज डोंगराच्या एका भोकापाशी बसून ठरलेली ओवी म्हणायची एवढंच काम. पैसे वेळेवर मिळतात. प्रत्येक ओवीनंतर वारा किंचित वाढतो, पडद्यावरचं गवत थोडं जास्त हलतं, पण त्यावर मजकूर म्हणून काहीही देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या पातळीपर्यंत त्याला आपण मोतद्दार आहोत हे कळता कामा नये. कळेल तेव्हा ओवी मध्येच थांबवायचं बटण द्या, आणि थांबवली तर पगारही थांबू द्या.