मुलांची सहल संपल्यावर मैत्रिणीकडे राहावं का?

ताई, नववीच्या मुलांना घेऊन तुम्ही दहा दिवस जर्मनीला जाताय. तिथली मैत्रीण पुढे आठवडाभर राहायचा आग्रह करतेय, आणि राहावं की मुलांबरोबरच परतावं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर, राहा. मी पुण्यात विज्ञान शिकवते. तीनदा मुलांना घेऊन गेले, त्यातल्या दुसऱ्या खेपेला ट्यूबिंगेन या जर्मन गावी मैत्रिणीकडे आठ दिवस राहिले.

पण हे तिकिटं निघायच्या आत ठरवा. ग्रुपच्या तिकिटात परतीची तारीख मागाहून बदलणं फार जड जातं. व्हिसाच्या अर्जात तुमचे सगळे दिवस दाखवा, मैत्रिणीचं निमंत्रणपत्र जोडा. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसावर, मुक्कामाचे दिवस छापलेले असतात, त्यापुढे एक दिवसही राहता येत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि तो तुमच्या शेवटच्या दिवसापर्यंत हवा. आमचा शाळेतर्फे काढलेला विमा मुलांच्या परतीच्या तारखेलाच संपत होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मुलांबरोबर परत कोण जाणार, हे पालकसभेत आधीच सांगून टाका. मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर सहकारी बाईंच्या हाती औषधांची पिशवी आणि पालकांच्या नंबरांची यादी दिली. चोवीस डोकी शेवटची मोजली आणि ती आत जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. त्या रात्री झोप लागली नाही. "सगळी आपापल्या घरी गेली" असा बाईंचा मेसेज आला, तेव्हा कुठे डोळा लागला आणि जाग आली ती दुपारी दोनला. मैत्रीण नि तिचा नवरा कधीच कामावर गेले होते. टेबलावर घराची किल्ली, झाकून ठेवलेला उपमा आणि "उठवलं नाही" एवढंच लिहिलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

पहिले दोन-तीन दिवस काहीही ठरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. दहा दिवस आपण सतत पासपोर्ट, गोळ्या, प्लॅटफॉर्म आणि डोकी मोजत असतो, ती सवय एका रात्रीत उतरत नाही. ट्यूबिंगेनला नेकार नदीच्या काठावर प्लेन जातीच्या झाडांची लांबच लांब सावली आहे. तिथल्या बाकावर बसले असताना बदकीण पिल्लं घेऊन चालली होती, तर मी ती मोजायला लागले. सात होती. एक मागे राहिलं तशी मी उठून उभीच राहिले! तिसऱ्या दिवशी मात्र पिल्लं दिसली आणि मोजावीशी वाटली नाहीत.

चौथ्या दिवशी आपणहून बाहेर पडावंसं वाटलं. एकटीच गावातल्या किल्ल्यावर चढले. त्या किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात प्रयोगशाळा होती. तिथेच १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर या तरुणाने जखमांच्या पू लागलेल्या पट्ट्यांमधल्या पेशींतून एक नवाच पदार्थ वेगळा काढला. त्याला त्याने न्यूक्लिन म्हटलं, आज आपण डीएनए म्हणतो तो हाच. दहावीला आनुवंशिकता मी इतकी वर्षं शिकवते, पण त्या जाड भिंतींच्या खोलीत घाई न करता उभं राहिल्यावर तो धडा मला पहिल्यांदा जवळून दिसला. मुलं बरोबर असती तर दहा मिनिटांत सगळ्यांना बाहेर काढलं असतं.

पाहुणी म्हणून एक करा. संध्याकाळचा स्वयंपाक अधूनमधून आपल्याकडे घ्या. दोघं दमून येतात, गरम थालीपीठ बघून त्यांचे चेहरे खुलतात. भाजणी घरूनच न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे-बर्फी नको. हापूसही नको, कारण बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा भाजी शनिवारीच आणायची. रविवारी गाव इतकं शांत असतं की घंटांचे आवाज घरात ऐकू येतात. आम्ही तिघं त्या दिवशी जेवून नुसते गॅलरीत बसलो होतो, मे महिना, रात्री नऊला उजेड. कॉलेजच्या दिवसांचं, तिच्या आईच्या आजारपणाचं, सगळं निवांत बोलून झालं. फोनवर ते इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

मैत्रीण कुठल्या गावात आहे ते कळवा. ट्यूबिंगेनच्या आसपास असेल तर किल्ल्याची सोपी चढण कुठून आहे ते सांगते.