री-पासिंगसाठी पीयूसी कधी काढायची? आधी आरसीवरचं इंधन बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. कराडची २०१० ची पेट्रोल गाडी, आरसी (नोंदणी) दोन महिन्यांत संपतेय, तिचं री-पासिंग म्हणजे नूतनीकरण करायचंय, तर पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) आत्ता काढू की इन्स्पेक्शनच्या जवळ, असं विचारलंय तुम्ही, आणि जाता जाता एका ओळीत लिहून गेलात की सीएनजी किट दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं. अहो तीच ओळ खरी आहे, बाकी सगळं होतं. आरसी काढा आणि इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय बघा. "पेट्रोल/सीएनजी" असेल तर पीयूसीचा विचार सध्या बाजूला ठेवा.

माझी गाडी २००९ ची, पुणे पासिंग. किट नंतर बसवलेलं, रीतसर आरसीवर चढवलेलं. पुढे टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी), पंपावरची रांग, डिकीत बॅग न मावणं, या सगळ्याला कंटाळून किट काढलं, विकलं, आणि आरसीवरून ते उतरवायचं असतं हे डोक्यातसुद्धा आलं नाही. इथेच माती खाल्ली. कायद्याने (मोटार वाहन कायदा, कलम ५२) असा बदल १४ दिवसांत कळवायचा असतो. मी कळवला पाच वर्षांनी, तोही नाक दाबल्यावर.

झालं असं की री-पासिंगच्या आधी पीयूसीला गेलो. हल्ली पीयूसीवाला गाडीचा नंबर टाकतो आणि इंधन वगैरे सगळं 'वाहन' या सरकारी पोर्टलवरून आपोआप येतं, त्याला हाताने बदलता येत नाही. स्क्रीनवर आलं पेट्रोल/सीएनजी. मी म्हटलं किट नाहीये हो आता. तो म्हणाला, काय फरक पडतो काका, पेट्रोलवर घेतो, पास आहे गाडी. आणि खरंच पास होती, रीडिंग एकदम झकास. मी खूश होऊन घरी. त्या कागदावर इंधन पेट्रोल/सीएनजीच छापलेलं होतं, आणि तो कागद अभिमानाने फाईलमध्ये सगळ्यात वर लावून मी आरसी संपायच्या आठवडाभर आधी गाडी घेऊन आरटीओत हजर.

इन्स्पेक्टर साहेबांनी नंबर प्लेट बघितली, चासी नंबर बघितला, डिकी उघडली. टाकी कुठाय? काढली. मग आरसीवर कशी? मग पीयूसीवर कशी? झालं, शेरा मारला आणि पुढचा नंबर. त्या माणसाची चूक नाही, तो बरोबरच होता.

खरा वैताग पुढे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, ज्यांनी भोगलंय ते ओळखतील. री-पासिंगची खिडकी म्हणते आधी इंधन बदलून आणा. बदलाच्या खिडकीवर जाईपर्यंत आरसी संपलेली, तर ती खिडकी म्हणते मुदत संपलेल्या आरसीवर बदल होत नाही, आधी नूतनीकरण करा. दोन खिडक्यांत अंतर किती? वीस पावलं. ती वीस पावलं मी सात महिने चाललो. एक जण लंचला, एक जण ट्रेनिंगला, सिस्टीम डाऊन, "सोमवारी या". लेखी द्या म्हटलं की कोणी लेखी देत नाही. मोटारसायकल सोडून बाकी गाड्यांना उशिराचा ज्यादा आकार महिन्याला ५०० रुपये आहे (दुचाकीला ३००), म्हणजे माझे ३,५०० नुसते त्या वीस पावलांचे. वर माझी गाडी बीएस-३ (भारत स्टेज, धुराच्या नियमांचा टप्पा), म्हणजे पीयूसी सहाच महिन्यांची, तीही मध्ये संपली. आणि आरसी संपलेली गाडी बाहेर काढायची नाही, दंड आहेच पण कुठे ठोकली तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील ही भीती मोठी, म्हणून बायकोला सात महिने रिक्षा.

सुटलं कसं तर, एका रिक्षावाल्याने सांगितल्यावर साध्या कागदावर दोन्ही खिडक्यांचा किस्सा तारखांसकट लिहिला, आवक विभागात दिला, पोच घेतली आणि थेट सहायक अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोन्ही फाईली एकत्र मागवल्या. एका दिवसात काम. एका दिवसात! सात महिने आधी पोच घेतली असती तर, जाऊ दे.

म्हणून तुमच्या हातात दोन महिने आहेत तोवर, आरसी जिवंत असताना इंधन बदलून घ्या. किट काढल्याचं प्रमाणपत्र अधिकृत किटवाल्याकडूनच घ्या, कोपऱ्यावरच्या गॅरेजचं बिल चालेल असं समजू नका. इन्शुरन्समधूनही सीएनजी काढायला सांगा, थर्ड पार्टीत त्याचे ६० रुपये वेगळे लागत असतात. आणि 'वाहन'वर इंधन बदललेलं दिसलं की मगच पीयूसी. नूतनीकरणाचा नमुना २५ चा अर्ज मुदतीआधी ६० दिवसांच्या आत करता येतो, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आहात.

आता पीयूसीचं. २०१० ची गाडी म्हणजे कुंपणावरची. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ फक्त तेरा शहरांत आलं, त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर. तुम्ही कराड म्हणताय, म्हणजे बीएस-३ असण्याची शक्यता जास्त. बीएस-३ ला धुरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ७५० पीपीएमपर्यंत चालतं, बीएस-४ ला ०.३ आणि २००, वर पीयूसी वर्षभराची. बीएस-३ असेल तर फार आधी काढून ठेवू नका, माझ्यासारखी मध्येच संपेल. थंड इंजिन घेऊन जाऊ नका, दहापंधरा किलोमीटर फिरवून जा, एअर फिल्टर आणि प्लग आधी बदला. हे माझं मत, मी मेकॅनिक नाही. आणि "गाडी नको, फोटो पाठवा, पीयूसी देतो" म्हणणाऱ्याच्या नादी अजिबात लागू नका. पीयूसी नसली तर कायद्यात १०,००० पर्यंत दंड आहे, खोट्या पीयूसीचं तर विचारूच नका.

फी कारला ५,००० (वीस वर्षांपुढे १०,०००), शिवाय पर्यावरण कर, तो पोर्टलवर दिसेल तेवढा भरा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावली नसेल तर तिथेही अडवतात. मी एजंट नाही, प्रत्येक ऑफिसची तऱ्हा वेगळी असते, माझ्याकडे झालं ते सांगितलं.

अजून एक, किट कर्जावर घेतलं होतं का? बोजा आरसीवर राहिला असेल तर तोही आत्ताच उतरवा, बँकेच्या एनओसीला मुदत असते. आरसीवरचं इंधन बघून इथेच लिहा, फोटो टाकलात तर नंबर झाका.