काचसफाईच्या कामात पाणी आणि वेग यांचा मेळ कसा घालायचा?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत काचसफाईचं काम नुकतंच सुरू केलंय, बादली-वायपरने वेळ लागतो, पोलने (टोकाला ब्रश असलेल्या, शुद्ध पाणी सोडणाऱ्या लांब दांड्याने) काम भराभर होतं पण सोसायटीवाले पाण्यावरून कटकट करतात. मी याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बादलीच्या कामात जादा पाणी वेळच खातं. काचेवर सपासप मारलेलं पाणी फ्रेमवर, स्लायडिंगच्या खाचेत, ग्रिलवर उतरतं आणि मग फडकं घेऊन तेच टिपत बसावं लागतं. दर खिडकीचा बराचसा वेळ या कडा पुसण्यातच जातो. नवीन मुलगा कामाला घेतला की मी आधी खालची कड बघतो, काच नंतर.

भिजवायची स्लीव्ह (दांड्यावर चढवलेला कापडी बोळा) बादलीतून काढल्यावर एकदा पिळा, ठिबकणं थांबलं पाहिजे. पूर्ण काच घासा, कोपऱ्यांत दाब द्या आणि साबणाला मळ सोडवायला क्षणभर वेळ द्या. मग वायपरच्या टोकाने वरची बोटभर कड कोरडी करा आणि तिथूनच पहिला पट्टा ओढा. पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवा. दर ओढीनंतर रबर फडक्याला टेकवा. रबराला बारीकशी खाच पडली तरी काचेवर रेघ उमटते, मग तीच काच पुन्हा भिजवा, पुन्हा ओढा. पाणीही दुप्पट आणि वेळही. रबर काढून उलट बाजूने लावता येतं, तीही कड गेली की नवं घाला. एवढ्याशा रबरात काटकसर करू नका. डिशवॉश लिक्विडचे बादलीला चार थेंब पुष्कळ होतात, फेस जास्त झाला की तो काढायलाच पाणी लागतं.

उन्हात काम लावू नका. ऑक्टोबरच्या उन्हात पट्टा ओढायच्या आधीच साबण वाळतो. समुद्राकडची पश्चिमेची बाजू सकाळी सावलीत असते, ती तेव्हा घ्या आणि पूर्वेची दुपारनंतर. याला खर्च काहीच नाही आणि वेळ, पाणी दोन्ही वाचतं.

पाणी सढळ हाताने वापरायची जागाही आहे. शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असेल तर काचेवर सिमेंट आणि वाळूची धूळ बसते. वरळी, वांद्र्याला समुद्रासमोरच्या काचांवर मिठाचा थर असतो. तिथे आधी नुसतं पाणी मारून तो थर उतरवा. वाळूचा कण स्लीव्हखाली फिरला तर काचेवर ओरखडा येतो आणि तो कायमचा. इथे पाणी वाचवू नका. बादलीतलं पाणी गढूळ झालं की तेही बदला.

आता पोल. मिनिटाला दीड-दोन लिटर धरा, म्हणजे तासाला शंभर लिटरच्या आसपास. बाहेरून, हात न पोहोचणाऱ्या काचांना त्याला तोड नाही, कारण पाणी पुसायचंच नसतं, ते आपोआप वाळतं. पण त्यासाठी पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये) शून्याजवळ हवा, 10 च्या वर गेला की डाग दिसू लागतात. म्हणून काम घेण्यापूर्वी इमारतीच्या नळाला टीडीएस मीटर लावून बघा. महापालिकेचं पाणी तलावांतलं असल्यामुळे मऊ असतं, ते साध्या डीआय रेझिनवर (पाण्यातले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या फिल्टरवर) चालून जातं आणि थेंब वाया जात नाही. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आकडा 1000 च्या वरही जाऊ शकतो. त्यावर रेझिन बघता बघता संपतं आणि आधी आरओ लावावा लागतो. आरओमधून जेवढं चांगलं पाणी मिळतं, जवळपास तेवढं किंवा त्याहून जास्त खारं पाणी बाहेर पडतं. सोसायटीला खटकतं ते हेच आणि त्यांचं चूक नाही. 2024 च्या जूनमध्ये मुंबईत 10 टक्के पाणीकपात होती, तेव्हा लोक बादली-बादलीचा हिशेब ठेवत होते.

मी पोलला फ्लो कंट्रोलर लावतो, घासताना धार बारीक ठेवतो आणि शेवटच्या धुवण्यालाच वाढवतो. पोल खालच्या चार-पाच मजल्यांच्या बाहेरच्या बाजूला, बाकी सगळीकडे बादली. आरओचं बाहेर पडणारं पाणी ड्रममध्ये धरून पार्किंग धुवायला देतो. हे सगळं सेक्रेटरींना कोटेशनमध्येच लिटरसकट लिहून द्या, आणि बोअरवेलवाल्या इमारतीचा दर वेगळा ठेवा.