नवऱ्यालाही ग्रुपवरच कळलं?

सांगलीच्या मैत्रिणी,

लग्नाला सहा वर्षं झाली, आणि परवा चुलत सासऱ्यांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आई झाल्याशिवाय बाईच्या जन्माचं सार्थक नाही’ असं गुलाबाच्या फुलासकट टाकलं. तू रात्री साडेअकराला सणसणीत उत्तर दिलंस आणि जुंपली. आता सासूबाईंनी अबोला धरलाय, नवरा गप्प आहे आणि तू विचारतेस, ‘ताई, ग्रुप सोडू का?’

काका चुकलेच, त्यात मी सारवासारव करणार नाही. हीच मंडळी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हात जोडतात ना? सावित्रीबाईंना पोटचं मूल नव्हतं, यशवंत दत्तक घेतलेला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. त्यांच्या जन्माचं सार्थक झालं की नाही, हे काकांना कुणीतरी विचारायला हवं. तू मात्र नको.

कारण पत्राच्या तळाशी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात तू लिहिलंयस, ‘मूल हवं की नको, मलाच अजून कळत नाही.’ आणि ग्रुपवर लिहिलंस, ‘आम्हाला मूल नकोच, विषय संपला.’ भांडणात असं होतं खरं, समोरचा जितका ताणतो तितकं आपण पुढचं बोलून जातो. पण शेजारी झोपलेल्या नवऱ्याने ते ‘आम्हाला’ सगळ्या गोतावळ्याबरोबरच वाचलं. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी त्या काळात मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं, पण दोघांनी मिळून. तुझ्या नवऱ्याच्या गप्प बसण्याचा मलाही राग आलाय. फक्त तो काकांना भिऊन गप्प आहे की तुझ्यावर रुसून, हे आधी बघ.

ग्रुप सोडू नकोस, म्यूट कर. नवऱ्याला सांग, ते रागात लिहिलं, अजून काही ठरलेलं नाही. आणि हेही सांग, की काकांशी यापुढे त्याने बोलायचं, तेही फोनवर. काका त्याचे आहेत. कारणं, तपासण्या, डॉक्टर यातलं काहीही कुणाला सांगायची गरज नाही.

राहिल्या सासूबाई. नणंदेच्या डोहाळजेवणात तुला ओटी भरू न देणाऱ्या मावशींना त्यांनीच सर्वांदेखत गप्प केलं होतं, हे तुझ्याच पत्रात आहे. त्यांचा अबोला काकांच्या बाजूचा असेल असं मला वाटत नाही. त्यांनाही ते ग्रुपवरच कळलं, इतकंच. उद्या दुपारी दोन कप चहा टाक आणि त्यांच्यापाशी जाऊन बस.

तुझी ताई