कापडी बूट : उभा धागा, आडवा धागा

प्रश्न : मी वीस वर्षं कपडे शिवते. पायाला छान बसणारा एक जुना चामडी बूट उसवला, त्याच्या तुकड्यांवरून कागद कापले आणि जाड कॅनव्हासचा जोड शिवला. हातात घेतला की सुरेख दिसतो. पायात घातला की करंगळीपाशी टोचतो आणि घोट्याखाली बाजूला फाकतो. वापरून सैल होईल म्हणून दोन महिने रोज घातला, काही फरक नाही. माझं मोजमाप चुकलं का?

उत्तर : मोजमाप चुकलेलं नाही. चामडी बुटावरून काढलेला कागद, म्हणजे पॅटर्न, तुम्ही कापडाला लावलात, अडचण तिथे आहे. चामडं कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून बसवलं की तो आकार धरून ठेवतं. पुढे पायात गेल्यावरही, जिथे हाड वर आलेलं असतं तिथे ते हळूहळू सैलावत जातं. विणलेलं कापड तसं करत नाही. उभ्या धाग्यात, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेने, ते जवळपास ताणत नाही, आडव्या धाग्यात, म्हणजे रुंदीच्या दिशेने, किंचित ताणतं आणि तिरकं ओढलं तर बरंच ताणतं. चामडी बूट पहिल्या दिवशी जरा आवळ असला तर चालतो. कापडी बूट पहिल्या दिवशी करंगळीला लागला, तर फाटेपर्यंत लागतच राहतो.

हे मी आईच्या पायावरून शिकले. तिच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं होतं. मी केलेला पहिला कॅनव्हासचा जोड तिला दिला आणि म्हटलं, ‘घाल, होईल सैल.’ तिने महिनाभर काही न बोलता घातला. एका संध्याकाळी तिचे पाय धुताना मला सोललेली कातडी दिसली. आज बावीस वर्षं मी बुटांचे पॅटर्न काढते आणि तो जोड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात मी आधी तो देते.

आता तुमचा जोड. करंगळीपाशी नेमकं काय टोचतं ते बोटाने आतून चाचपून पाहा. बहुतेक वेळा तिथे पुढचा तुकडा आणि बाजूचा तुकडा जोडणारी शिवण असते. चामड्यात ती कड रापीने, म्हणजे चांभाराच्या पात्याने, तासून पातळ करतात. कापडाची कड तासता येत नाही, उलट ती दुमडली की जाडी दुप्पट होते. म्हणून कापडी बुटात ही शिवण करंगळीच्या सांध्यापासून निदान १० ते १२ मिलिमीटर मागे न्यायची. नुसतं एवढं केलं तरी निम्मं दुखणं जाईल.

फाकण्याचं कारण धाग्यात आहे. बाजूचा तुकडा कापताना कागद कसा ठेवला होता ते आठवा. कापड वाचावं म्हणून आपण कागद तिरके लावतो, झग्यात ते खपून जातं. बुटात टाचेपासून लेसच्या भोकांपर्यंतची रेषा उभ्या धाग्यावरच यायला हवी, कारण पाय टाकताना आणि काढताना सगळा ताण त्याच रेषेवर येतो. ती रेषा उरेब, म्हणजे तिरकी, पडली की दर वेळी थोडी लांबत जाते आणि बूट तोंड उघडून बसतो. शिवाय घोट्याखाली कड वळते, त्या वळणावर थोडा भाग तिरका येणारच. तिथे आतून ६ मिलिमीटर रुंदीची सुती फीत शिवा. फीत कडेच्या लांबीपेक्षा ३-४ मिलिमीटर आखूड घ्या आणि कापड तिच्यात किंचित सामावून घ्या. गळ्याची पट्टी लावताना तुमचा हात हेच करतो, त्यामुळे तुम्हाला वेगळं शिकावं लागणार नाही.

पुढच्या तुकड्याबद्दल मतभेद आहेत. काही कारागीर तो मुद्दाम उरेब कापतात, म्हणजे बोटांवरच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसतो. बसतो खरा, पण महिन्याभरात चवड्यापाशी पसरतो. मी तोही उभ्या धाग्यावरच कापते आणि टोकाच्या सुरकुत्या बारीक चुण्या घालून तळाखाली जिरवते. वेळ जास्त लागतो.

आणि उसवलेल्या बुटावरून कागद काढू नका. तुमच्या मापाचं कलबूत मिळवा. त्याची लांबी सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जास्त हवी. त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर द्या, पेन्सिलीने मधली रेषा, टाचेची रेषा आणि सगळ्या शिवणी आखा, मग पट्टी कापून काढा आणि पुठ्ठ्यावर सपाट बसवा. जिथे बसत नाही तिथे छोटा काप द्या. पायाची आतली बाजू आणि बाहेरची बाजू सारखी नसते. चामड्यासाठी दोन्हींची सरासरी काढून एकच पॅटर्न करतात, कारण उरलेला फरक ओढून भरून निघतो. कापडासाठी मी दोन्ही बाजूंचे कागद वेगळेच ठेवते. तळाखाली वळवायला १५ ते १८ मिलिमीटर माया सोडा. मग खरं कापड कापण्याआधी जुन्या चादरीचा एक बूट कच्च्या टाक्यांनी शिवून पायात घालून चाला.

प्रश्न : कापड किती जाड घ्यावं? दुकानात कॅनव्हास औंसात सांगतात, ते कळत नाही.

उत्तर : तो एका चौरस यार्डाच्या कापडाच्या वजनाचा आकडा असतो. एक औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४ ग्रॅम. रोजच्या बुटाला १० ते १२ औंस, म्हणजे ३४० ते ४१० ग्रॅमचं साध्या विणीचं सुती कापड आणि आत पातळ सुती अस्तर, हे मला सर्वांत सोयीचं वाटतं. त्याहून जाड घेतलं तर चवड्यापाशी, जिथे बूट प्रत्येक पावलाला मोडतो, तिथे कडक घडी पडते आणि ती बोटांच्या सांध्यावर घासते. कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवून इस्त्री करा, मगच कापा. सुती कापड आटतं, आणि बूट शिवून झाल्यावर आटलं तर दुरुस्तीला वाव नसतो.

प्रश्न : माझ्या बुटांची शिवण उसवत नाही, पण शिवणीच्या रेषेवर कापडच फाटतं. दोरा मजबूत घेतला तरी तेच.

उत्तर : मशीनची सुई पाहा. चामड्याच्या सुईचं टोक पात्यासारखं असतं, ते कापत जातं. चामड्याला त्याने फारसा फरक पडत नाही. कापडात मात्र ती सुई प्रत्येक टाक्याला एखादा धागा तोडते आणि तुमची सगळी रेष भोकाभोकांची होते. साध्या गोल टोकाची, शक्य तितकी बारीक सुई लावा आणि टाका ३ मिलिमीटरपर्यंत मोठा करा. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, घामाने सुती दोरा कुजतो. लेसच्या भोकांमागे घट्ट विणीची एक जादा पट्टी हवीच, नाहीतर पितळी रिंग कापडातून निसटते.

प्रश्न : घरी केलेल्या कापडी बुटाचा रबरी तळ दर वेळी सुटतो. सोल्यूशन चांगलं वापरते.

उत्तर : कारखान्यात कॅनव्हासच्या बुटाला रबराची पट्टी लावून भट्टीत तापवतात, तेव्हा रबर आणि कापड एकमेकांत पक्कं बसतं. गंधकाने रबर पक्कं करण्याची ही रीत आहे, तिचं पेटंट चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ साली घेतलं. घरी हे जमणार नाही, म्हणून चिकटण्यावर भिस्त ठेवू नका, शिवणीवर ठेवा. जाड कापडाचा एक तळ कापा आणि बुटाची खालची कड त्याला सगळीकडून शिवून घ्या, पिशवीला बूड शिवतो तशी. मग आत कलबूत घाला. आता बूट तळाशिवायही आकार धरतो आणि सोल्यूशनला फक्त रबर धरून ठेवायचं राहतं.

चामडं चिकटवण्याआधी खरवडतात, कापड खरवडू नका, धागे तुटतात. त्याऐवजी सोल्यूशनचा पहिला पातळ हात कापडात मुरू द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग दुसरा हात. रबर मात्र सँडपेपरने घासा. दोन्ही बाजू बोटाला चिकटेनाशा झाल्या की थोडी ऊब द्या आणि दाबा. बहुतेकजण इथे घाई करतात, ओलं असतानाच दाबतात. बाजूने उभी कड असलेला तळ मिळाला तर त्या कडेतून हाताने एक फेरी टाकेही घाला.

प्रश्न : कापडी असूनही बुटात पाय चिंब होतात. असं का?

उत्तर : कापड आणि अस्तर यांच्यामध्ये फोम असेल आणि तिन्ही थर सलग चिकटवलेले असतील, तर हवा जाणार कुठून? अस्तर फक्त कडेने शिवा, मध्ये मोकळं ठेवा. फोम टाचेच्या वरच्या कडेपुरता पुरे. सुखतळा, म्हणजे पायाखालचा आतला तळ, सुटा ठेवा आणि रात्री बाहेर काढून वाळवा.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत, संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात. त्यांच्यासाठी स्वतः शिवायची इच्छा आहे.

उत्तर : जरूर शिवा. माप संध्याकाळी घ्या, त्यांना उभं करून, दोन्ही पायांचं वेगवेगळं. चवड्याभोवतीचा आणि पावलाच्या वरच्या उंचवट्याभोवतीचा घेर सकाळीही मोजा. दोन्ही वेळच्या घेरांत जो फरक येतो, तेवढं बुटाला उघडता आणि मिटता यायला हवं. म्हणून लेसची फट बोटांच्या दिशेने लांबवर न्या आणि बाजूचे दोन्ही तुकडे पुढच्या तुकड्याच्या वर शिवा, म्हणजे ते पंखासारखे पूर्ण उघडतात. वाकायला त्रास होत असेल तर लेसऐवजी रुंद वेल्क्रो लावा, पट्ट्या लांब ठेवा. बुटाची जीभ, म्हणजे लेसखालचा तुकडा, एका बाजूला सरकून तिची कड टोचते, ती दोन्हीकडून पातळ अस्तराच्या घडीने जोडून टाका. टाचेमागे मात्र मऊपणा नको. तिथे कडक तुकडा घाला, तोल त्यावर राहतो. दोन सुखतळे करून द्या, एक जाड, एक पातळ, सूज असेल त्या दिवशी पातळ घालायचा.

त्यांना मधुमेह असेल किंवा पायाला स्पर्श कमी कळत असेल, तर हा जोड देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बूट लागतोय हे त्यांना कळणारच नाही. पहिले आठ दिवस रोज रात्री तुम्ही स्वतः त्यांचे पाय उजेडात पाहा, टाचेमागे, करंगळीच्या बाहेरच्या बाजूला आणि बोटांच्या मधे. लाल झालेली जागा दिसली की बुटावर तिथे आतून खडूने खूण करा, तेवढी शिवण उसवा आणि पुन्हा शिवा.