निवृत्तीच्या खात्यातला हेरोदकालीन दिवा

न्यू जर्सीतील ५२ वर्षांच्या एका वाचकांनी विचारले आहे की, निवृत्तीसाठीच्या आयआरए या करसवलतीच्या अमेरिकी खात्यातील उरलेल्या ६० हजार डॉलरमधून मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन धर्मग्रंथांच्या गुंडाळ्यांचा एक तुकडा घ्यावा, की येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या काळातील नाण्यांचा संच? घराणे नगरच्या ख्रिस्ती मिशनच्या परंपरेतले असल्याने ही ओढ जुनी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी याच खात्यातून ४५ हजार डॉलरचे, येशूच्या काळातील हेरोद राजवटीतले मातीचे दिवे आणि नाणी घेतली. विक्रेत्याने वर्षाला १२ टक्के वाढ आणि शून्य कर, अशी हमी दिली होती.

आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देतो: दोन्ही नको. आपण जे विचारलेच नाही, ते अधिक गंभीर आहे. आयआरएमधून पुराणवस्तू किंवा प्राचीन नाणी घेतली की अमेरिकी करकायद्यानुसार तेवढी रक्कम आपण त्याच वर्षी काढून घेतली असे मानले जाते आणि तिच्यावर आयकर बसतो. सूट आहे ती काही ठरावीक सोन्याचांदीच्या नाण्यांना आणि शुद्ध धातूला, पिलाताच्या तांब्याच्या नाण्याला नव्हे. आपले वय साडेएकोणसाठपेक्षा कमी असल्याने दहा टक्के दंडही लागतो. आपण आयकराच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात आहात असे धरले, तर ४५ हजारांवर सुमारे १५ हजार डॉलर झाले. राज्याचा कर आणि दोन वर्षांचे व्याज वेगळे. ज्याने ही योजना 'करमुक्त' म्हणून आपल्या गळ्यात मारली, त्याच्याकडून आता दुसरा सल्ला घेऊ नये.

बारा टक्क्यांचेही पाहू. लिलावात वस्तू शंभरला सुटली, तर घेणाऱ्याला शुल्कासह समजा १२५ पडतात आणि विकणाऱ्याच्या हाती ९० येतात. म्हणजे भाव जवळजवळ ४० टक्के चढला तरच आपले मुद्दल परत येते. त्यापुढच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर. मातीचा दिवा भाडे देत नाही, व्याज देत नाही.

गुंडाळीच्या तुकड्याबद्दल तर बोलूच नये. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलने आपल्याकडील अशा सोळाही तुकड्यांची तपासणी करवून घेतली, आणि २०२० मध्ये ते सगळे बनावट असल्याचे जाहीर झाले. त्याच संग्रहालयासाठी २०१४ मध्ये १६ लाख डॉलरहून अधिक देऊन घेतलेली गिलगामेशच्या आख्यानाची (प्राचीन मेसोपोटेमियातील महाकाव्याची) मृत्तिकापट्टी अस्सल होती, पण इराकमधून चोरून बाहेर आलेली. ती जप्त होऊन २०२१ मध्ये परत गेली. तज्ज्ञ पदरी असलेल्यांची ही गत.

आपण पाठवलेल्या छायाचित्रातील दिव्याच्या चोचीवर काजळी आहे, ती पाहून मलाही क्षणभर मोह झाला. मात्र सोबतच्या प्रमाणपत्रावर सही विक्रेत्याचीच आहे आणि मूळ म्हणून 'एक जुना युरोपीय संग्रह' एवढेच लिहिले आहे. इस्रायलमध्ये १९७८ च्या कायद्यानंतर सापडलेली पुराणवस्तू सरकारची असते आणि देशाबाहेर नेण्यास पुरातत्त्व प्राधिकरणाची परवानगी लागते. ती परवानगी, किंवा त्यापूर्वीच्या खरेदीची पावती, विक्रेत्याकडे लेखी मागा.

त्याआधी या आठवड्यात सीपीए, म्हणजे अमेरिकेतला सनदी लेखापाल, गाठून त्या वर्षाचे विवरणपत्र दुरुस्त करून घ्या. नोटिशीची वाट पाहिल्यास व्याज वाढतच राहील. उरलेले ६० हजार साध्या, स्वस्त, शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात राहू द्या. नाण्याची हौस उरलीच, तर एखादे साधे नाणे पगारातून घ्या आणि ते खर्चात मांडा.