स्किन काढली की फ्राइड चिकनमध्ये उरतं काय?

तुम्ही विचारलंय, की जिम सुरू केलीय, खोलीवर स्वयंपाकाची सोय नाही, तर दुकानातलं फ्राइड चिकन आणून वरची स्किन काढून आतलं मांस खाल्लं तर ते उकडलेल्या चिकनच्या जवळपास जाईल का? प्रोटीनच्या बाबतीत जातं. कॅलरीतही बऱ्यापैकी जातं. मिठाच्या बाबतीत मात्र अजिबात नाही, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बेळगावचा. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघतो, त्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतात. एका रविवारी पोरांनी हट्ट करून चेनवाल्या दुकानातली फ्राइड चिकनची बादली मागवली, तेव्हा बायकोचा केकसाठीचा वजनकाटा ओट्यावर मांडला आणि ब्रेस्टचा एक तुकडा त्यावर ठेवला. हाडासकट 190 ग्रॅम. मग एका कडेनं सोलायला घेतलं, तर स्किन आणि तिला चिकटलेलं मैद्याचं कवच पायमोज्यासारखं एका ओढीत निघून आलं. ते भरलं 46 ग्रॅम. हाडं 34. मांस राहिलं 110. म्हणजे वजनातला जवळजवळ चौथा हिस्सा नुसतं कवच. ते स्टीलच्या बशीत ठेवलं होतं, पाच मिनिटांनी उचललं तर खाली तेलाचं डबकं. आतलं मांस मात्र पांढरं, ओलसर, बोटाला तेल लागेल न लागेल एवढंच.

याचं कारण साधं आहे. तुकडा कढईत पडला की कवचातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर यायला लागते. वाफ बाहेर येतेय तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. तुकडा बाहेर काढला, वाफ थंडावली, की पृष्ठभागावरचं तेल कवचातल्या रिकाम्या भोकांत ओढलं जातं. पण ते कवचातच थांबतं, मांसापर्यंत फारसं पोचत नाही. आपल्या भज्यांचंही तसंच. भजी तळताना जेवढं तेल पितात त्यापेक्षा झाऱ्यावरून ताटात आल्यावर जास्त पितात, म्हणून निथळायला उभी ठेवायची.

आता आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांत फास्टफूडच्या तळलेल्या ब्रेस्टची स्किन आणि कवच काढून वेगळी नोंद असते. त्यात 100 ग्रॅम मांसाला 150 च्या आसपास कॅलरी, 27-28 ग्रॅम प्रोटीन आणि चार-पाच ग्रॅम फॅट. कार्बोहायड्रेट जवळपास नाहीच, कारण ते मैद्याबरोबर गेलं. याच तक्त्यांत स्किन नसलेलं साधं भाजलेलं ब्रेस्ट 165 कॅलरी, 31 ग्रॅम प्रोटीन, 3.6 ग्रॅम फॅट असं आहे. म्हणजे दोन्ही सख्खे भाऊच. मांडीचा तुकडा घेतलात तर स्किन काढूनही फॅट ब्रेस्टच्या दुपटीच्या घरात राहतं, कारण मांडीच्या मांसातच ते असतं, सोलून जात नाही. बाकी नायसिन, बी-12 वगैरे कुठल्याही कोंबडीत मिळतं तेवढं मिळतंच. फायबर शून्य, त्यासाठी काकडी खा.

स्किनसकट खाल्लं तर काय होतं? अमेरिकेतल्या केएफसीच्या स्वतःच्या तक्त्यात ओरिजिनल रेसिपीचा ब्रेस्टचा अख्खा तुकडा 390 कॅलरी, 21 ग्रॅम फॅट, 39 ग्रॅम प्रोटीन आणि 1190 मिलिग्रॅम सोडियम असा दिलेला होता. माझ्या काट्यावरच्या 110 ग्रॅम मांसाचा हिशेब वरच्या दरानं केला तर 165 कॅलरी, पाच ग्रॅम फॅट, 30 ग्रॅम प्रोटीन. फॅट तीन चतुर्थांश गेलं, कॅलरी निम्म्याहून खाली आली, प्रोटीनही थोडं गेलं (स्किनमध्येही प्रोटीन असतं, ते कुणी मोजत नाही). आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबानं साध्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. सत्तर किलोच्या माणसाचे 58 ग्रॅम झाले, त्यातले निम्मे एका तुकड्यात. जिमवाल्यांचा हिशेब याच्या वरचा असतो, तो तुमचा ट्रेनर सांगेलच, न विचारता.

इथपर्यंत वाचून कुणीही खूश होईल. मीही झालो होतो.

आमचे अप्पा, म्हणजे वडील, बीपीची गोळी घेतात. डॉक्टरांनी लोणचं, पापड, सांडगे सगळं बंद करायला सांगितलं, आईनं बरण्या माळ्यावर चढवल्या. आणि मी मोठा शहाणा, पोरांसाठी बादली आली की अप्पांना एक तुकडा सोलून द्यायचो, ‘तेल काढलंय, खावा बिनधास्त’ म्हणून. ते तक्ते पुन्हा बघताना एकदा नजर सोडियमच्या रकान्यावर गेली. घरी मीठ न घालता भाजलेल्या ब्रेस्टमध्ये 100 ग्रॅमला 74 मिलिग्रॅम. फास्टफूडच्या सोललेल्या मांसात पाचशेच्या वर. सात पट! सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ येतं, म्हणजे माझ्या त्या 110 ग्रॅमच्या तुकड्यात दीड ग्रॅमच्या आसपास मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही सांगते. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, “वरनं मीठ घेतलंय काय मी?”

त्यांचं खरं होतं. मीठ वरून नव्हतंच. असल्या दुकानांतलं चिकन तळायच्या आधी मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं, मोठ्या कारखान्यांत तर फिरत्या पिंपात घोळवून किंवा सुयांनी टोचून ते पाणी आत घालतात. मीठ मांसाच्या धाग्यांत शिरलं की तळताना पाणी धरून ठेवतं, म्हणून तो तुकडा घरच्या चिकनसारखा कोरडा पडत नाही. ज्या ओलाव्याचं मी कौतुक करत होतो, तो मिठाचाच. कवचात मीठ असतं तेवढं सोलल्यावर जातं, ढोबळमानानं निम्मं. उरलेलं निम्मं मांसातच. धुवून निघत नाही, तो प्रयोगही करून झाला, चिकनची चव तेवढी गेली.

तुमचं वय लहान, घाम गाळताय, बीपी नाही, तर आठवड्यातून एखादा तुकडा असा खाल्ल्यानं काही होत नाही. पण रोजचं प्रोटीन यातून काढायचा बेत असेल तर दोन तुकड्यांचं तीन ग्रॅम मीठ, वर सॉस, वर बन, असा हिशेब मांडून बघा.

तुम्ही आमच्या भागातले असाल, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडचे, तर आणखी एक घोळ आहे. आमच्याकडे चिकन कबाब म्हटलं की सळईवरचं नाही, कढईतलं. संध्याकाळी गाड्यावर लालभडक तुकडे तळले जातात, आमचं खरं फास्टफूड ते. त्याला स्किन नसतेच, कारण आपल्याकडे कोंबडी बहुतेक सोलूनच घेतात. कॉर्नफ्लॉवर, मैदा, अंडं, आलं-लसूण, तिखट यांचा लेप थेट मांसाला चिकटतो. मोज्यासारखा निघत नाही, नखानं खरवडावा लागतो. मी एकदा खरवडायला बसलो तर गाडेवाला म्हणाला, “मसाला काढून खाल्लास तर काय खाल्लास गा?” चेनमधल्या पॉपकॉर्न चिकन आणि स्ट्रिप्सचीही हीच गत, स्किन मुळातच नाही. तुकडा जितका बारीक तितका बाहेरचा भाग जास्त, म्हणजे मांसाच्या मानानं मैदा आणि तेल जास्त. ‘स्किनलेस’ वाचून भुलू नका. सोलून खायचं असेल तर हाडाचा मोठा तुकडाच घ्या.

कबाबाच्या रंगाचंही सांगतो. जून 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. राज्यभरातून 39 नमुने तपासले होते, त्यातले 8 असुरक्षित निघाले, सनसेट यलो आणि कार्मोइसिन हे कृत्रिम रंग सापडले. आमच्या कोपऱ्यावरचा कबाब त्यानंतर काही दिवस विटकरी दिसायचा, गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. आता तो ब्याडगी मिरचीची पूड वाढवून घालतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी झणक्याला, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. तेलाचं म्हणाल तर कढईतलं काळं, फेसाळणारं तेल दिसलं की मी पुढे जातो. तळून तळून तेलात जे पोलर घटक साठतात ते 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून आहे, पण गाड्यावर मोजणार कोण.

आणि खोलीवर सोय नाही म्हणताय, तरी एक इंडक्शन आणि झाकणाचा तवा जमवा. आमच्याकडे रविवारी कोंबडी आली की अप्पांचे चार तुकडे आधी बाजूला निघतात. आलं-लसूण, लिंबू, ब्याडगीची पूड, मीठ चिमटीनं, चमचाभर तेल. झाकण ठेवून वीस मिनिटं मंद आचेवर, मध्ये एकदा परतून. तुकडा जाड असेल तर कापून आत गुलाबी नाही ना ते बघायचं. उरलेली पोरांना तळून.

अप्पा ते खातात, पण डोळा तळलेल्यावर असतो. महिन्यातून एकदा त्यांना बादलीतला एक लेगपीस मिळतो, सोलून. त्या दिवशी आमटी अळणी. साल मी खातो.